शेवयांच्या साच्यातला पास्ता

मित्रांनो, बाजेच्या कडेला आवळून बसवतात, वरून पिठाचा गोळा कोंबतात आणि दांडा फिरवला की जाळीतून पिठाचे दोरे सोडतो, तो बिडाचा शेवयांचा साचा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. तोच मी. वय पस्तिशीच्या आसपास. रंग उडाला आहे, पण माझं काम अजून चालू आहे. मात्र एका गुरुवारी संध्याकाळी माझ्यामुळे जे घडलं, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. दांडा फिरता फिरता मी मध्येच अडतो. शमा म्हणते, मळसूत्र झिजलं असेल. मळसूत्र अजिबात झिजलेलं नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत मला मेहरूनबीनं पसंत केलं. घोड्यांचा बाजार संपतो तिथून पुढे भांड्यांची दुकानं लागतात. तिथे तिनं माझा दांडा रिकामाच तीनदा फिरवला, कान लावून आवाज ऐकला आणि मला उचललं. एसटीत मांडीवर घेऊन ती मला विसरवाडीला घेऊन आली. ईदच्या आधी आठ दिवस तिच्या अंगणात बायका जमायच्या. एक गोळे कोंबायची, एक दांडा फिरवायची, बाकीच्या शेवया दोरीवर वाळत घालायच्या. "मेहरूनबीच्या शेवया म्हणजे केस!" असं गल्ली म्हणायची. मला फार अभिमान वाटायचा.

मेहरूनबी गेली आणि घर तिच्या सुनेच्या, शमाच्या हाती आलं. शमा नवापूर डेपोत कंडक्टर आहे. तिचा नवरा अनीस हायवेवर टायर पंक्चरचं दुकान चालवतो. त्यांना एकच मुलगी, अतिका.

अतिका दहा महिन्यांची असताना ईद आली. शमानं हौसेनं मला बाजेला आवळलं, शेवया केल्या आणि शिरखुर्मा रांधला. बोटभर शिरखुर्मा लेकीच्या जिभेला लावला. बघता बघता लेकरू लाल झालं, ओठ टम्म फुगले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की, मुलीला दूध चालणार नाही. दही, तूप, लोणी, पनीर, काहीच नाही. थेंबसुद्धा नाही.

मी सुन्न झालो. घरातल्या आनंदाच्या पदार्थानं घरातल्याच लेकराला असं कसं होऊ शकतं? दोष दुधाचा होता, पण शेवयांचं नाव काढलं तरी शमाच्या अंगावर काटा यायचा. मला पोत्यात गुंडाळून जुन्या ट्यूबांच्या ढिगामागे माळ्यावर टाकलं. तिथे माझी सहा वर्षं गेली.

त्या काळात घरात आणखी एक गोष्ट ठरली. अनीसची मोठी बहीण येऊन सांगून गेली, "कोणाला बोलू नका. मुलीची जात आहे. आज लोक ऐकतील, उद्या नातं जुळवताना हेच काढतील." शमाला ते पटलं नव्हतं, पण भीती मात्र बसली. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "अतिकाला दूध आवडत नाही." एवढंच. शेजारणीला तेच आणि शाळेतही तेच.

मग पहिलीत असताना अतिका तिच्या वर्गातल्या प्रियलच्या वाढदिवसाला गेली. तिथे पास्ता होता, वर चीजचा जाड थर. सगळी मुलं लांब लांब तारा ओढून खात होती. अतिका ताटलीत चार वेफर्स घेऊन बसून राहिली. घरी आल्यावर ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "अम्मी, मेरे वाला पास्ता नहीं होता क्या?"

दुसऱ्या दिवशी शमानं बाजारात पास्त्याची पाकिटं चाळली. एकाच्या मसाल्यात दुधाची पावडर होती. दुसऱ्यावर 'दुधाचा अंश असू शकतो' असं बारीक अक्षरात छापलं होतं. तिनं दोन्ही पाकिटं जागेवर ठेवली, घरी आली आणि थेट माळ्यावर चढली.

मला उजेडात काढलं तेव्हा मी चकितच झालो. तिनं मला उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं. केसासारखी बारीक जाळी बाजूला ठेवून मोठ्या भोकांची जाळी बसवली. रवा, थोडी कणीक, मीठ, पाणी. दांडा फिरला आणि माझ्यातून जाड, लांब दोरे उतरले. पस्तीस वर्षांच्या शेवयांच्या साच्याला कोणी पास्त्याला जुंपेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं!

मग आमचा नेम बसला. रविवारी शमा आठवडाभराचे दोरे पाडून, वाळवून डब्यात भरायची. इतर दिवशी ती पावणेसातला ड्यूटीवरून सुटायची, सव्वासातला घरात पाऊल टाकायची. खाकी शर्ट बदलण्याआधी गॅसवर पाणी चढायचं. ते उकळेपर्यंत कढईत शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, नंदुरबारची एक लाल सुकी मिरची आणि दोन टमाटे. पाट्यावर वाटलेले भाजके दाणे पास्त्याच्याच गरम पाण्यात कालवले की दाट, पांढरट रस्सा व्हायचा. दूध नाही, साय नाही, तरी बोटं चाटावीत असा. साडेसात-पावणेआठला तिघंही ताटावर असायची. अतिका एकेक तार वर उचलून तोंडात सोडायची आणि हसायची. ते पाहताना मला मेहरूनबीच्या अंगणापेक्षाही बरं वाटायचं.

मित्रांनो, आता तो आठवडा सांगतो.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या शेजारी नर्मदाबाई राहतात, मूळच्या म्हसावदच्या. त्यांची लेक ममता बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माहेरी येणार होती. तिच्यासाठी शेवया करायच्या म्हणून रविवारी त्या शमाकडे आल्या. "शमा, तुन्हा साचा दोन दिन दे वं. मन्हा साचाना दांडा तुटेल शे." शमानं हसत मला त्यांच्या हवाली केलं. शेजारीपाजारी असंच चालतं. पण त्यामुळे त्या रविवारी घरात पास्ता पाडला गेला नाही, आणि डबा तळाला गेला.

नर्मदाबाईंनी लेकीच्या मायेपोटी रवा पाण्यात भिजवलाच नाही. दुधात भिजवला. दुधातल्या शेवया मऊ होतात, पांढऱ्याशुभ्र दिसतात. दोन दिवस त्यांनी माझ्याकडून काम घेतलं. मग मला नीट ठेवावं म्हणून त्यांनी काय केलं माहीत आहे? पाणी लागलं तर बीड गंजेल, या काळजीनं मला धुतलंच नाही. कोरड्या फडक्यानं घासघासून पुसलं आणि वरून तेलाचा हात फिरवला. मी आरशासारखा लकाकत होतो. पण माझ्या मळसूत्राच्या खाचांत आणि जाळ्यांच्या भोकांत दुधाचं पीठ वाळून बसलं होतं. बुधवारी दुपारी शमा ड्यूटीवर असताना त्यांनी मला अनीसच्या हाती परत दिलं.

माझ्या पोटात काय आहे हे मला ठाऊक होतं आणि मला वाचा नव्हती.

गुरुवारी घाटात ट्रक आडवा झाला. शमाची बस तासभर अडकली. ती आली तेव्हा अनीस दुकानावरच होता आणि अतिका भुकेनं रडकुंडीला आली होती. शमानं डबा उघडला, तो रिकामा. तिनं घाईनं पीठ भिजवलं आणि मला बाजेला आवळलं. एरवी ती मला उकळत्या पाण्यानं धुतल्याशिवाय कधीच वापरत नसे. त्या दिवशी तिनं आत डोकावून पाहिलं. मी स्वच्छ दिसत होतो. ती स्वतःशीच म्हणाली, "नर्मदामायनं किती चकचकीत करून दिला!" आणि तिनं गोळा कोंबला.

मी अडलो. देवाशपथ सांगतो, मी दांडा धरून ठेवला. शमानं जोर लावला, आणि आतलं वाळलेलं पीठ पहिल्याच दोऱ्यांबरोबर बाहेर पडलं. भुकेल्या लेकीला तिनं पहिला घाणा वाढला.

तीन घास झाले असतील.

"अम्मी, गले में कुछ चुभ रहा है."

शमाला वाटलं, मिरची. "पानी पी, बेटा."

पाणी खाली उतरेना. अतिकाच्या मानेवर गांधी उठल्या. डोळ्यांखाली सूज चढली, ओठ फुगले आणि आवाज घोगरा झाला. शमा हातात झारा घेऊन खिळल्यासारखी उभी राहिली. ही खूण तिनं सहा वर्षांपूर्वी पाहिली होती. पण घरात दुधाचा थेंब नव्हता! मग हे आलं कुठून? दुसऱ्या क्षणी ती किंचाळली.

नर्मदाबाई पदर खोचत धावत आल्या. "काय व्हयनं वं?" त्यांनी ताटातली लाल मिरची पाहिली, पोरीचे ओठ पाहिले आणि आल्या पावली परत गेल्या. आल्या त्या दुधाचा पेला घेऊन, साखर घालून. तिखट लागलेल्या लेकराला कोणीही हेच देईल. त्यांनी अतिकाची हनुवटी धरली. "पे माय, पे. दूध पे, लगेच उतरी जाई."

पेला ओठांना टेकणार, तोच शमानं तो हातानं उडवला. दूध बाजेवर आणि माझ्या अंगावर सांडलं.

"दूध नको! दूधच तर जहर शे तिले!"

सहा वर्षं दडवलेलं ते वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.  नर्मदाबाईंनी सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"शमा... रवा मी दूधमा भिजाडेल व्हता. ह्याच साचामा."

शमानं त्यांच्याकडे पाहिलं.  तिनं लेकीला खांद्यावर टाकलं. नर्मदाबाईंनी आपल्या लेकाला, लोटनला, हाक मारली. त्यानं रिक्षा दारात आणून उभी केली. रिक्षा गेल्यावर नर्मदाबाईंनी आमचा गॅस बंद केला आणि माझ्यासमोर भुईवर बसून राहिल्या. माझ्या जाळीला अजून चार दोरे लटकत होते.

अतिका दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. अनीसच्या कडेवर, डोळे सुजलेले, पण हातात फुगा. तेव्हा कुठे मला समजलं की ती वाचली. दवाखान्यात शमानं पोचल्या पोचल्या सांगितलं होतं, "पोटात दूध गेलंय." त्यामुळे डॉक्टरांनी एक क्षणही न दवडता मांडीत इंजेक्शन दिलं. नर्मदाबाई तेव्हा ते बोलल्या नसत्या, तर शमा डॉक्टरांना 'घरात दूधच नव्हतं' असं सांगत बसली असती.

अनीसनं मला पाहिलं आणि त्याचा संताप उफाळला. त्यानं मला बाजेवरून ओरबाडून काढलं. "इसको भंगार में डालता हूँ. आणि त्या बाईला या घरात पाय ठेवू देणार नाही."

शमानं त्याच्या हातातून मला काढून घेतलं. "साच्याला कुठे तोंड आहे? तोंड मला होतं. मी सहा वर्षं उघडलं नाही. त्या माऊलीला ठाऊक असतं, तर तिनं दूध आपल्या भांड्यापुरतं ठेवलं असतं."

अनीसनं पुन्हा हात पुढे केला नाही. बहिणीचा सल्ला त्यानंही मान खाली घालून ऐकला होता.

नर्मदाबाईंचं दार दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी शमा मला पिशवीत घालून तिथे गेली. नर्मदाबाई उठल्याच नाहीत. "मन्हा हाते तुन्ही पोर मरी जाती व्हती, शमा. आणि वरून मी दूधना पेला लई उनू."

"माय, मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

"काबरं नही सांगं? मी काय परकी शे?"

 शमा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. माहेरी आलेली ममता पाळण्यातल्या बाळाला झोका देत हळूच म्हणाली, "ताई, उद्या मन्ही पोरले काही व्हयनं, तर मी बी लपाडसू का?" 

त्याच दिवशी नर्मदाबाईंनी चुलीवर पाणी उकळलं. माझं मळसूत्र, जाळ्या, दांडा, सगळं सुटं केलं. कडुलिंबाच्या काडीनं एकेक भोक साफ केलं. शमा बाजूला बसून बोट दाखवत होती, "इथे राहिलं, माय." मित्रांनो, इतकं स्वच्छ मला कोणीच केलं नव्हतं. तरी अतिका आठ दिवस माझ्याजवळ आली नाही. मी दिसलो की ती आईच्या पाठीमागे जायची. मी ते समजून होतो.

आखाजीला गल्लीतल्या बायकांनी झोके बांधले. घराघरातून ताटं येत होती. शमानं या वेळी प्रत्येक दारात जाऊन स्वतः सांगितलं होतं, शाळेतल्या बाईंनाही सांगितलं होतं. कोणी हळहळलं, कोणी तोंड वाकडं केलं, एक बाई "आता लगीनमा कसं व्हई?" असंही म्हणाली. शमानं तिलाही शांतपणे पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

अतिका झोक्यावरून उतरली. लोटनची बायको तिच्यापुढे पुरी धरून उभी होती. अतिकानं हात मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, यात दूध आहे का? तूप आहे का?"

लोटनच्या बायकोनं पुरी तोंडाजवळून काढली, वास घेतला आणि घराकडे वळून ओरडली, "सासूबाई, पीठमा मोहन काय शे?"

"तेलनं!" आतून नर्मदाबाईंचा आवाज आला. मग त्या स्वतःच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी त्या पुरीचा तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात टाकला, चावला, आणि उरलेली अतिकाच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू परत देताना आपण तिच्यात काय केलं ते सांगा. परत घेताना विचारा. आणि तुमच्या घरात कोणाला काही सोसत नसेल, तर ते लाज धरून झाकू नका. अतिका सात वर्षांची आहे, तरी तिनं आधी विचारलं. तिनं पुरी खाल्ली आणि दुसरी मागायला हात पुढे केला.