सतरा नंबरचा पडदा

छावणीत माझं काम तंबू वाटायचं आणि बोलणी खायचं. खालच्या रांगेत पाणी शिरलं तेव्हा सगळे मुकाट्याने वरच्या माळावर हलले. सतरा नंबरच्या आजी मात्र चिखलात पत्र्याच्या पेटीवर ठाण मांडून बसल्या.

"आजी, उठा आता. नाहीतर उचलून नेईन हं!"

"ने की. पण मी यांना निरोप धाडलाय, सतरा नंबरात आहे म्हणून. ते दारात येतील नि मी नसेन. मग?"

गाव सोडतानाच्या पळापळीत नवराबायको वेगवेगळ्या ट्रकमध्ये चढले होते, त्याला दीड महिना झाला होता. निरोप कुणा ड्रायव्हरच्या हाती दिलेला, पोचला की नाही देव जाणे. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी खेकसते.

"बरं बाई! नंबरच वर नेते!"

नंबर रंगवलेला दाराचा पडदा मी उसवला आणि वरच्या तंबूला टाके घालून लावला. आता दोनशे अकराच्या शेजारी सतरा. छावणीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. आजी पडद्यावरून हात फिरवून आत गेल्या.

एवढा शहाणपणा केला, पण गेटवरचा तंबूंचा नकाशा बदलायचा राहूनच गेला.

आठवड्याने सकाळी खालच्या ओसाड रांगेत एक म्हातारा दिसला. चपला हातात, पाय चिखलाने बरबटलेले. सोळा आणि अठराच्या मधल्या, पडदा नसलेल्या रिकाम्या तंबूकडे बघत उभा होता.

"गेटवर म्हणाले, सतरा इथेच," तो हळूच म्हणाला. "किती दिवस झाले तिला जाऊन?"

हे माझ्या विसराळूपणाने झालं होतं.

"अहो आजोबा, काहीतरीच काय! ठणठणीत आहेत. रोज मला झापतात. चला वर."

पडदा दिसताच आजोबा थांबले. चपला घातल्या, केसांवरून हात फिरवला. आजी दारात भांडी घासत होत्या. मान वर करून बघतच राहिल्या.

"एवढा चिखल घेऊन आत येणार होय?" म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

एका हाताने त्यांनी नवऱ्याच्या पायांवर पाणी ओतलं. दुसऱ्या हाताने त्याची बाही धरली होती. मी नकाशा दुरुस्त करून दुपारी परत आले, तेव्हाही ती बाही आजींच्या मुठीतच होती.