टाकीवाल्याचं फिरतं घर

टाकीवाला उताणा होऊन चाकांवरच्या घराखाली सरपटत शिरला आणि तळाला ताणून बसवलेल्या प्लास्टिकच्या सांध्यावर लुकण दाबू लागला. पाठीखाली चिखल होता. पाऊस नुकताच उघडला होता, तो पुन्हा सुरू व्हायच्या आत हा शेवटचा सांधा बुजवायला हवा होता. सांधा बुजला की आतली लाकडी जमीन वाळेल, जमीन वाळली की कुबट वास जाईल, आणि वास गेला की रविवारी बायको आपल्या बहिणीकडे राहायला जाणार नाही. त्याच्या डोक्यातलं गणित इतकं सरळ होतं.

बायकोने त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. पायरीवर बसून बूट घालताना त्याने तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. "खोली झाडून ठेव गं, रविवारी. नाही, त्यांना अजून बोलले नाही." त्यानंतर त्याने विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. ज्या घरात एकाला पलीकडे जायचं तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसावं लागतं, तिथे एवढी मोठी गोष्ट लपवणं सोपं नसतं. पण दोघांनी ते जमवलं होतं.

पाण्याच्या फायबरच्या टाक्या बनवण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर राहता फ्लॅट विकून त्याने गाडीमागे ओढायचं हे चाकांचं घर घेतलं. आता मरेपर्यंत हिंडायचं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. पहिल्याच फेरीनंतर डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासून गाडी चालवायला मनाई केली. मग घर मेव्हण्याच्या गोदामामागे येऊन टेकलं ते टेकलंच. साध्या घरात माणूस निदान भिंतींकडून जास्त अपेक्षा ठेवत नाही. इथे खाली चाकं दिसत होती आणि जायला कुठे मिळत नव्हतं.

घर आणलं त्याच दिवशी त्याने वाकून तळ तपासला होता. प्लास्टिकला बोटभर भोकं होती. "कारखान्यातल्या पोरांनी काम अर्धवट सोडलंय," असं म्हणून तो मनापासून हसला होता आणि सगळी भोकं त्याने हौसेने बुजवली होती. टाकीवाल्याला तळाचं भोक म्हणजे नाक कापल्यासारखं. तरी पावसाळ्यात जमीन ओली झालीच. मग त्याने सांधे बुजवले, खिळ्यांची डोकी बुजवली, आणि जमीन जास्तच मऊ होत गेली.

आता शेवटचा सांधा दाबत असताना घराच्या कोपऱ्यातल्या आधाराच्या लोखंडी पायाखालची फळी सरकल्याचा आवाज त्याने ऐकला, पण हलायला वेळ मिळाला नाही. पाय चिखलात वीतभर रुतला आणि घर त्याच्या बाजूला कललं. जमीन आणि प्लास्टिक यांच्यामध्ये साठलेलं सगळं पाणी त्या अंगाला धावलं. प्लास्टिकचा भला मोठा फुगा त्याच्या छातीवर येऊन बसला.

"अहो, घर हललं का?" आतून बायकोने विचारलं.

"पाय रुतला एका बाजूचा."

"तुम्हाला लागलं का?"

"नाही. निघता येत नाहीये, एवढंच."

ती धावत बाहेर आली. गुडघ्यांवर बसून, गाल चिखलाला लागेपर्यंत वाकून तिने घराखाली पाहिलं. त्याचा एक हात फुग्याखाली होता, दुसऱ्यात लुकणाची पट्टी. श्वास घेताना छाती पुरती वर येत नव्हती. ती उठून आत गेली आणि भाजी चिरायची सुरी घेऊन आली.

"भोक पाडते."

"नको."

"का?"

"चार दिवस घातलेत त्या तळावर. थेंब गळत नाही खालून."

"तेच तर झालंय ना. पाणी येतंय वरून, कपाटामागच्या खिडकीच्या कडेने. पहिल्या पावसात सांगितलं होतं तुम्हाला. आलेलं पाणी जायला ती भोकं होती, ती तुम्ही बुजवलीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

ती खरं बोलते आहे हे त्याला ऐकताक्षणी कळलं. लाज वाटली, पण लाजेहून भीती मोठी होती. इतके दिवस निदान हातात लुकण होतं. आता तेही काही कामाचं नव्हतं.

"रविवारी जाऊ नकोस," तो म्हणाला. खाली दबलेला असल्यामुळे आवाज चोरट्यासारखा निघाला. "मी ऐकलं तुझं फोनवरचं."

सुरी धरलेला हात थांबला.

"आधी बाहेर तर या," ती म्हणाली. "तोंड मिटा."

तिने सुरी खुपसली. कुजक्या लाकडाचा वास मारणारं तपकिरी पाणी त्याच्या गळ्यावर, कानांत, शर्टात भसाभसा कोसळलं. बराच वेळ ते येतच राहिलं. फुगा हळूहळू आक्रसत गेला, छाती मोकळी झाली, तेव्हा तिने त्याचे दोन्ही पाय धरून त्याला ओढून काढलं. दोघंही चिखलात बसून धापा टाकत होते.

आत आल्यावर त्याने ओला शर्ट काढला आणि कुडकुडत आपला कप्पा उघडला. कप्पा रिकामा होता. त्याने हात घालून पार मागपर्यंत चाचपून पाहिलं.

"माझे कपडे?"

"थांबा, देते."

तिने बिछान्यावर मोठी बॅग ठेवून चेन उघडली. वर तिचे कपडे होते, ते तिने बाजूला काढले. खाली त्याचे शर्ट होते, घड्या घालून नीट रचलेले. शेजारी त्याच्या डोळ्यांच्या औषधाची बाटली रुमालात गुंडाळलेली होती.

त्याने रुमालातली बाटली हातात घेतली. "बोलली नाहीस," तो म्हणाला.

"बोलले असते तर दारालाही लुकण लावून बसला असतात तुम्ही."

तिने वरचा शर्ट उचलला, तो परत ठेवला आणि त्याच्या खालचा, कॉलर विरलेला, ओढून काढला.

"आज हा घाला," ती म्हणाली. "तो चांगला तिकडे लागेल."