तळघरातलं बूच

"वरच्या खोल्या गार पडल्यात आणि तळघर भट्टीसारखं तापलंय," दार उघडता उघडताच व्हर्ना म्हणाली. "सकाळपासून पाइपात कुणीतरी घण घालतंय असं वाटतं. मी खाली जायला निघाले की हा आडवा येतो."

कोरीन सीरने उंबऱ्यावर बुटांचा बर्फ झटकला. ओव्हनमध्ये शनिवारचे बीन्स शिजत होते, तरी व्हर्नाच्या अंगात कोट होता. टेबलाशी तिचा नवरा, आल्टन मेरो, टोपी घालून बसला होता. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या या गावात ज्याच्या तळघरात आल्टनने कधी गुडघे टेकले नाहीत, असं घर सापडणं कठीण. घरं ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरच्या दुरुस्तीच्या धंद्यात बाईला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा कोरीनला त्यानेच हाताखाली घेतलं होतं. आता तो माणसं विसरायला लागला होता.

"बॉयलरच्या तेलवाल्यांनी पाठवलं का तुला?" त्याने परक्यासारखं विचारलं.

"हो. बॉयलर बघून जाते जरा."

"बघायचंय काय त्यात? गळत होतं, मी बंद केलं."

"काय गळत होतं, आल्टन?"

तो खिडकीबाहेर बर्फ ढकलत जाणारी गाडी बघत राहिला. त्याचं ते 'बंद केलं' कोरीनला आवडलं नाही. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी बॉयलरचा लाल स्विच होता. तिने आधी तो बंद केला. खालची बर्नरची घरघर थांबली, पण पाइपातले ठोके थांबले नाहीत.

"व्हर्ना, तू आल्टनला घेऊन शेजारी जा."

"इतकं वाईट आहे?"

"अजून बघितलं नाही. पण जा."

खाली गरम लोखंडाचा आणि जळक्या रंगाचा वास कोंडला होता. दाबाचा काटा जिथवर जाऊ शकतो तिथवर जाऊन अडकला होता. बॉयलरमधून निघणाऱ्या पाइपाजवळ हात नेववेना, आणि घरभर फिरून परत येणारा पाइप बर्फासारखा गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. पंपाची मोटर नुसतीच फिरत राहिली असावी आणि तिची पंपाशी असलेली जोडणी तुटलेली. पण असं झालं तरी ठरावीक तापमानाला बर्नर आपोआप बंद पडतो. तो का पडला नाही, ते टॉर्च मारल्यावर कळलं. बर्नर बंद करणाऱ्या नियंत्रकाच्या दोन्ही तारा सोडवून एकमेकींना पिळून जोडल्या होत्या.

टॉर्च सेफ्टी व्हॉल्व्हवर गेला आणि तिचा हात थबकला. दाब वाढला की जिथून पाणी बाहेर पडायचं, त्या तोंडात पितळी बूच आवळलेलं होतं.

आत उकळत्याहून गरम पाणी होतं आणि त्याला वाफ व्हायला जागा नव्हती. कुठे बारीकशी चीर पडली, तर त्या सगळ्या पाण्याची एका झटक्यात वाफ होईल आणि डोक्यावरचं घर उचललं जाईल.

तेवढ्यात वरचा लाल स्विच खट् वाजला आणि तिच्या गुडघ्याशी बर्नर भडकन पेटला.

"घर गार पडलंय," आल्टन जिना उतरत म्हणाला. "माझी बायको कुडकुडतेय, आणि तू आग बंद करतेस?" मागून व्हर्ना त्याची बाही धरून ओढत होती.

कोरीनने तेलाच्या नळीवरचा कॉक पिळून बंद केला. ज्योत फडफडली आणि विझली. आल्टनचा हात त्याच कॉककडे गेला. त्याच्या हातात अजून भरपूर जोर होता. धक्काबुक्की करायला ती जागा नव्हती.

"आल्टन," ती सावकाश म्हणाली, "काटा शेवटाला टेकलाय. पंप गेलाय. सेफ्टी बंद आहे. काय करू?"

त्याचा हात हवेतच राहिला. त्याने काट्याकडे पाहिलं. नजर बदलली.

"आग तोडलीस?"

"तोडली."

"गार पाणी आत सोडायचं नाही. बिडाला तडा जाईल. काहीही उघडायचं नाही." तो आवाज तिने कितीतरी तळघरांत ऐकला होता. "वरच्या पाइपावर उलटं पाणी अडवायची झडप आहे ना, तिचा स्क्रू सोड. गरम पाणी आपल्या पायांनी वर चढेल. मग सगळ्यांनी घराबाहेर."

तिने स्क्रू सोडला. कुठेतरी वर खोली तापवणारा पहिला रेडिएटर कुरकुरला.

शेजारच्या घराच्या ओसरीवर तिघं उभी राहिली. मधूनमधून त्या घरातून एखादा ठोका ऐकू यायचा आणि व्हर्ना डोळे मिटायची. अंधार पडायच्या आत ठोके विरळ झाले आणि मग थांबले.

कोरीन परत खाली गेली. पाठोपाठ आल्टनही आला, आणि तिने त्याला अडवलं नाही. काटा उतरला होता. पाणी गार झाल्यावर तिने बूच सोडवलं, तसं त्याने ते तिच्या हातातून घेऊन उजेडात धरलं.

"हे कुणी मारलं?"

कोरीनने जिन्याकडे पाहिलं. तिथे उभ्या व्हर्नाने हळूच नकाराची मान हलवली.

"काम नीट केलंय गाढवाने. पेचांना टेप लावून आवळलंय." तो बूच फिरवून फिरवून बघत होता. "नवशिका असता तर समजून घेतलं असतं. कोण आहे ते शोधून काढ, आणि त्याच्या हातातून पाना काढून घे. वरती माणसं झोपतात."

"बरं," कोरीन म्हणाली.

"विसरू नकोस."

"नाही विसरत."

तिने नवा व्हॉल्व्ह बसवला, पंपाची जोडणी बदलली, तारा जागच्या जागी लावल्या. रेडिएटर कोमट झाले. ती हात पुसत वर आली, तेव्हा व्हर्ना हळूच म्हणाली, "तळघराच्या या दाराला कडी लावून देशील? बाहेरून, कुलूप मी घालीन. त्याला काय सांगायचं ते मी बघते."

गाडीत कडी होती. कोरीन ती चौकटीला धरून बघत होती, तोच आल्टन मागे येऊन उभा राहिला.

"वाकडी बसतेय." त्याने खिशातून पेन्सिल काढून भोकांच्या जागा आखून दिल्या. मग तिच्या हातातले स्क्रू आपल्या तळहातावर घेतले आणि एकेक करून तिला देत राहिला. शेवटचा दिल्यावर म्हणाला, "जुनं लाकूड आहे, पण धरेल."

तिने पेचकस खाली ठेवला. प्रत्येक कामानंतर करायचा तसा त्याने दाराला एकदा हिसका देऊन पाहिला, मग आणखी एकदा, आणि समाधानाने मान हलवली.