खालची बाजू

झाकण मिटण्याआधी उस्तादाने पियानोच्या पट्ट्यांवर जुन्या शालीचा तुकडा अंथरला. मग झाकण लावून कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

“पर्समध्ये ठेव. खोक्यात नको. खोक्यात गेलेली वस्तू घर लागेपर्यंत सापडत नाही.”

“माहितीये हो. सकाळपासून तीनदा सांगितलंत.”

उस्ताद हे त्याचं धंद्यातलं नाव. लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात त्याचा जन्म गेला होता. कपाटं काय, फ्रीज काय, कोणीही उचलतं. पियानो म्हटला की मात्र त्यालाच बोलावणं यायचं. आज बिऱ्हाड त्याचं स्वतःचं होतं. गेल्या वर्षी मणका सरकला आणि डॉक्टरांनी बजावलं, यापुढे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. धंदा त्याने जोडीदाराच्या, लंबूच्या, हाती सोपवला. जिनेही नकोत म्हणून आता हे वरच्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर राहायला जायचं होतं.

एवढं सगळं त्याने निमूट मान्य केलं होतं. पियानोचं तेवढं नाही. फार वर्षांपूर्वी एका घरातून तो भंगारात निघाला होता. उस्तादाने तो मागून घेतला आणि लंबूच्या मदतीने इथे वर चढवला. बायकोला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऐकून ऐकून शिकली. चार-पाच गाणी वाजवते, त्यातलं एक हमखास चुकतं, पण संध्याकाळ झाली की बसते. तो वर आपण चढवला, खालीही आपणच उतरवायचा, हे उस्तादाने मनाशी पक्कं केलं होतं. जिन्यात जो खालच्या बाजूला असतो, सगळा भार त्याच्या अंगावर येतो. ती जागा कायम त्याची. बायकोला हे त्याने सांगितलं नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या संसारात सांगायची गरज राहत नाही. सकाळपासून ती त्याच्या पाठीपाठी फिरत होती.

लंबू आला तो नव्या गड्याला घेऊन. रुंद खांद्यांचा, मूग गिळून बसणारा माणूस. त्याला सगळे पैलवान म्हणत. दोघांनी दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलं. पायाजवळच्या पितळी पेडलांना चिंध्या गुंडाळल्या. उस्ताद शेजारी उभा राहून सूचना देत होता, कोणी विचारत नव्हतं तरी.

“पॉलिशवर चिकटपट्टी नको. आधी ब्लँकेट, मग पट्टे.”

“हो, उस्ताद.”

“कोपऱ्यांना दुहेरी घडी घाल.”

“दुहेरीच आहे.”

“आणि आडवा करायचा नाही. कितीही अडलं तरी उभाच न्यायचा.”

“उस्ताद,” लंबू म्हणाला, “मला हे कोणी शिकवलं?”

पट्टे आवळले गेले. पैलवानाने एक बाजू जराशी उचलली, लंबूने खाली चाकांची फळी सरकवली आणि पियानो दारातून जिन्याच्या तोंडापर्यंत आला. तोवर उस्ताद दोन पायऱ्या खाली उतरून पाय रोवून उभा होता. तळवे पुढे केलेले.

“अहो,” बायको दारातून म्हणाली.

“उस्ताद, जिना मोकळा करा,” लंबू म्हणाला.

“खालची बाजू मी घेतोय.”

“पैलवान घेईल.”

“त्याला वळण माहीत नाही.”

“तुम्हाला नियम माहीत आहे ना?”

नियम उस्तादाचाच होता. पियानो जिन्यात असताना मालकाने वर थांबायचं नाही. मालक जीव मुठीत धरून बघतो, मध्येच किंचाळतो आणि उचलणाऱ्याचा हात डगमगतो. या नियमापायी त्याने भल्याभल्यांना रस्त्यावर पिटाळलं होतं. एका न्यायाधीशाला तर घरातल्या चपलांवर.

“मालकांनी खाली थांबायचं,” लंबू म्हणाला. तो उस्तादाकडे न बघता पट्टा चाचपत होता.

“मालक कोणाला म्हणतोस रे?”

“पियानो ज्याचा, त्याला.”

उस्तादाने बायकोकडे पाहिलं. ती कधीच जिन्यात आली होती. पैलवान अंग चोरून वाट देत उभा राहिला. मग उस्ताद कठड्याला धरून उतरायला लागला आणि ती त्याच्यामागून.

रस्त्यावर टेंपोपाशी दोघं उभी राहिली. आतून आवळलेल्या पट्ट्यांची करकर आणि लंबूचे “हळू, हळू” ऐकू येत होते. वळणावर कुठेतरी धप्प झालं आणि पियानोच्या सगळ्या तारा एकदम घुमल्या. तारा घुमणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे त्याने आजवर किती जणांना समजावलं होतं.

“सांभाळा रे!” उस्ताद ओरडला.

“मालक, गप्प राहा!” वरून उत्तर आलं.

बायकोला हसू आलं. तिने त्याचा हात घट्ट धरला.

पियानो बाहेर आला तेव्हा पैलवान खालच्या बाजूला होता. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, नजर पायाखालच्या जमिनीवर. जसं असायला हवं तसंच. कोपरा कुठे घासला नव्हता, ब्लँकेट हललं नव्हतं. सगळं नीट पार पडलं आणि खरं सांगायचं तर उस्तादाला त्याचंच वाईट वाटलं. कुठेतरी अडलं असतं, कोणी हाक मारली असती, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

पियानो टेंपोत भिंतीला टेकून बांधला गेला. उस्ताद जवळ गेला.

“नीट आला ना?”

“आपलाच समजून उतरवलाय, मालक,” लंबू घाम पुसत सवयीने बोलून गेला.

हे वाक्यही उस्तादाचंच. प्रत्येक दारात, प्रत्येक मालकाला तो हे म्हणायचा. म्हणतानाच डोक्यात पुढचं काम सुरू झालेलं असायचं. लोक मान डोलवायचे आणि तरीही येऊन हात लावून बघायचे. एवढं सांगूनही यांचा विश्वास कसा बसत नाही, म्हणून त्याला राग यायचा.

त्याने ब्लँकेटची कड उचलली आणि आत हात घालून एक कोपरा चाचपला. मग दुसरा. तिसऱ्यापर्यंत हात पुरेना, तेव्हा पैलवानाने टेंपोत चढून पट्टा जरा सैल करून दिला. लंबू टेंपोची मागची फळी धरून थांबला होता. कोणी घाई केली नाही.