हिरव्या घराच्या शोधात

सकाळचं ऊन त्या जुन्या मोहल्ल्यात आधी मशिदीच्या घुमटावर टेके, मग घाई न करता एकेका भिंतीची विचारपूस करत खाली उतरे. गुलाबी भिंतीवर ते लाजे, पिवळीवर सुस्तावे आणि निळीवर आलं की पाण्यासारखं थंड होऊन दगडी पायऱ्यांवरून ओघळे. या भिंती हयातभर रंगवणारे अब्बा त्या दिवशी पहाटेच्या नमाजाला गेले, ते परतलेच नव्हते.

त्यांचा धाकटा मुलगा गल्ल्या पालथ्या घालत होता. मोहल्ल्यात पत्ता म्हणजे रंग. आणि गेल्याच आठवड्यात त्याने आपलं हिरवं घर हौसेनं आकाशी केलं होतं.

“रंगाला हात लावू नकोस,” त्याची थोरली बहीण, आपा, कळवळून म्हणाली होती, “अब्बांना घराची तेवढीच खूण उरलीय.”

“वयोमानानं विसरायला होतंच गं,” म्हणत त्याने तिला उडवून लावलं होतं.

कोपऱ्यावरचा रोटीवाला नानबाई भट्टीतून रोट्या काढत होता.

“पायाला भिंगरी लागली का रे?”

“चाचा, अब्बा दिसले?”

“मघाशीच इथून पुढे गेले की! घर मागे राहिलं उस्ताद, म्हटलं, तर मलाच म्हणाले, कालचं पोर तू, मला वाट शिकवतोस?” नानबाई खो खो हसला.

मुलाने मात्र पुढच्या गल्लीकडे पाहिलं. त्या बाजूला मोहल्ला संपून ट्रकांचा रस्ता सुरू होत होता. तो हिरव्या भिंती हुडकत धावत सुटला. विणकराचं घर, मग बंद दवाखाना. कुठेच अब्बा नव्हते. रस्त्यावरचे भोंगे कानावर येऊ लागले तसा त्याचा जीव टांगणीला लागला.

अगदी शेवटच्या हिरव्या घराच्या उंबऱ्यावर अब्बा बसले होते, अनवाणी. घरातल्या बाईने त्यांच्या हाती पाण्याचा पेला दिला होता.

“दार ठोठावत होते,” ती हळूच म्हणाली, “माझं घर आहे म्हणून.”

तो गुडघ्यांवर कोसळला. “अब्बा, चुकलं माझं. उद्याच परत हिरवा देतो. चला घरी.”

अब्बांनी सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

“बसा ना, दमलात तुम्ही. माझा धाकटा येईलच इतक्यात. त्याच्याबरोबर जाईन मी.”

“अब्बा, मीच तो.”

ते परक्याकडे पाहून हसावं तसं अदबीनं हसले, आणि गल्लीच्या टोकाकडे बघत राहिले.

अब्बा त्याला ओळखत नव्हते. घर हिरवं होतं तेव्हाही ओळखत नव्हते.