पेन्शन वाटणाऱ्या कान्हाची पिशवी

मित्रांनो, माझा खाकी रंग आता उडाला आहे. बंद दोनदा बदलून झाला आहे आणि तळाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे. तरी मी स्वतःला भाग्यवान समजते. मी एक जुनी टपालाची पिशवी आहे. कर्जतजवळच्या कडाव गावापलीकडच्या भातशेतीच्या गावांत टपाल वाटणारे डाकसेवक कान्हा ठोंबरे यांच्या खांद्यावर माझं आयुष्य गेलं.

जाड कापडाची, कडक शिलाईची मी नवी कोरी त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मला आधी घरी नेलं. गौराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून माझं पोट कधी रिकामं राहिलं नाही. राख्या, लग्नपत्रिका, नोकरीचे कागद, औषधांची पार्सलं! गावातल्या रूपेश नावाच्या पोराला पोलीस भरतीचं बोलावणं आलं तेव्हा तो चिखलात लावणी करत होता. कान्हाकाकांनी बांधावरून हाक मारली. रूपेश धावत आला आणि त्याच चिखलाच्या हातांनी त्याने काकांना उचलून घेतलं. मी मध्ये चेंगरले, पण मित्रांनो, इतकं आनंदाचं चेंगरणं मला पुन्हा मिळालं नाही.

पुढे माझ्या पोटात अंगठ्याचं यंत्र आलं. काका म्हाताऱ्या माणसांच्या दारात बसून अंगठा घ्यायचे आणि त्यांची पेन्शन हातात द्यायचे. धोंडूबाईंचा अंगठा काही केल्या यंत्राला पटायचा नाही.

"अंगठा झिजला रं कान्हा," त्या म्हणायच्या. "यवडी वर्सं गवत कापलं, आता मशीन मला वळखत नाय."

"मी वळखतो ना तुला, आये. थोडं खोबरेल लाव, पुन्हा बघू," असं म्हणून काका बसून राहायचे. यंत्राने एकदाची शिट्टी दिली की दोघंही टाळ्या वाजवायचे.

दारोदारी काकांना पाणी मिळे, चहा मिळे. "कान्हासारखा माणूस नाय," असं सगळे म्हणत. हे कौतुक ऐकून मीही फुगून जायचे. त्या माणसाच्या म्हातारपणाचं काय, हे मात्र कोणी विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही.

अखेर काकांच्या निवृत्तीचा दिवस आला. त्याच महिन्यात कर्जत शहरात टपाल वाटणारे पोस्टमन देवव्रत जोगही निवृत्त झाले. दोघे जुने दोस्त. म्हणून सत्कारही एकाच मांडवात ठरला. दोघांना सारखीच शाल, सारखाच नारळ. काकांनी मला त्या दिवशीही खांद्यावरून उतरवलं नाही, म्हणून मी सगळं जवळून पाहिलं.

देवव्रत बोलायला उभे राहिले. "आज मंडळी आम्हाला सारखंच हसून निरोप देताहेत," ते म्हणाले. "पण उद्यापासून आम्ही सारखे नाही. मला दर महिन्याला पेन्शन मिळेल. कान्हाला मिळणार नाही. जाताना थोडी रक्कम हातात पडली, की संपलं. मी डांबरी रस्त्यावर टपाल वाटलं, त्याने ओढे ओलांडून वाटलं. हे मला शाल पांघरून बोलावं लागतंय, याची मला लाज वाटते."

वरच्या कार्यालयातून आलेले साहेब सज्जन होते. ते शांतपणे म्हणाले, "देवव्रत, तुमची तळमळ मला कळते. पण डाकसेवकाचं काम थोड्या तासांचं धरलेलं असतं. त्याला घरचं दुसरं उत्पन्न असतं, शेती असते, असं धरूनच हे नियम झालेत."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने गौराबाई उठल्या. कान्हाकाकांनी घाबरून हाताने खूण केली, "बस गं, बस!" पण त्या बसल्या नाहीत.

"सायेब, जरा आयका," त्या म्हणाल्या. "आमची शेती हाय, खरं हाय. पन ती कोन करतं, ते इचारलं का कदी? हे सकाळी पिशवी घालून जातात ते दिस कलल्यावर येतात. कुनाची म्हातारी आजारी, कुनाचा अंगठा लागत नाय. थोडे तास कागदावर हायेत, आमच्या घरात नायत. लावनी मी केली, कापनी मी केली, झोडनी मी केली. म्हंजे तुमच्या पोस्टाचा अर्धा भार मीच वायला ना? मंग शाल मलाबी द्या!"

आधी एक जण हसला, मग सगळा मांडव हसला, आणि हसता हसता टाळ्यांचा कडकडाट झाला. देवव्रतांच्या पत्नी द्वारकाताई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल काढून गौराबाईंना पांघरली. साहेबही हसत होते, पण त्यांचे डोळे गंभीर होते.

"बाई, नियम बदलणं माझ्या हातात नाही, खोटं सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत वर कळवतो."

"कळवा. आनि सांगा, गौराबाय वाट बघते."

घरी जाताना काका फुरंगटले होते. "चारचौघांत पैशाचं बोललीस, गौरे. लोक मला मानतात."

"मानतात ते बरंच हाय," गौराबाई म्हणाल्या. "पन तुमी धोंडूआयेला पेन्शन देता, ती काय भीक देता? तिचा हक हाय म्हनून देता ना? मंग तुमचा हक मागायला लाज कसली?"

काका चालायचे थांबले. त्यांनी माझा बंद घट्ट धरला. मग ते खुदकन हसले. "हे माज्या डोक्यात आलंच नाय गं कदी."

त्यांच्या जागी हर्षला भोईर ही तरुण मुलगी डाकसेविका झाली. तिला नवी पिशवी मिळाली आणि निकामी ठरलेली मी काकांकडेच राहिले. थंडीत डाकसेवकांनी पेन्शनच्या मागणीसाठी कर्जतला धरणं धरायचं ठरवलं. हर्षला बोलवायला आली, तेव्हा काका म्हणाले, "मी तर सुटलो. आता माजा काय उपेग?"

"काका, तुमाला मिळंल का नाय, ठाव नाय," हर्षला म्हणाली. "पन तुमी बसलात तर मला मिळंल."

काका बसले. त्यांनी मला मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने देवव्रत आले, आणि त्यांच्यामागून शहरातले इतर पोस्टमनही आले. पेन्शन मिळणारे आणि न मिळणारे प्रथमच एका सतरंजीवर बसले. तिथे गाणी झाली, घोषणा झाल्या, चहाच्या किटल्या फिरल्या. संध्याकाळी गौराबाई सगळ्यांना आपल्या शेतावर घेऊन गेल्या. मडक्यात भांबुर्ड्याचा सुवासिक रानपाला आणि वालाच्या शेंगा भरून, ते जाळात भाजून पोपटी लावली. शेंगा सोलताना देवव्रत म्हणाले, "वहिनी, यंदाचे वाल फारच गोड आहेत!"

"यंदा ह्यांनी पेरलेत," गौराबाई म्हणाल्या. "रांगा बघा, सगळ्या वाकड्या!" काका सगळ्यांत मोठ्याने हसले. इतक्या वर्षांनी आपल्याच शेताशी त्यांची ओळख होत होती.

मित्रांनो, ती मागणी अजून मान्य झालेली नाही. पण आता ती मागायला कोणी लाजत नाही, आणि मला याचाच फार आनंद वाटतो. तुमच्या दारी डाकसेवक आला, तर त्याला पाणी जरूर विचारा. त्याचं कौतुकही करा. पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या तुमच्यातलाच कोणी मोठा साहेब होईल, कोणी नियम लिहायला बसेल. लिहिण्याआधी एकदा त्या माणसाच्या घरी जा, आणि त्याच्या कामाचा भार घरात आणखी जी कोणी उचलते, तिला आधी विचारा.