आधी गोठा, मग घर

कासार आंबोलीतलं आपलं कौलारू घर दीडशे वर्षांचं आहे, असं जैनुद्दीन मुलाणी सांगत. पाहुणा मन लावून ऐकतोय असं दिसलं, की ते पावणेदोनशेचं होई.

जुन्या शेतघरांचे नकाशे काढायला पुण्याहून अपेक्षा नावाची विद्यार्थिनी आली, तेव्हा तर त्यांनी तिला ओटीवर बसवून दोनशेपर्यंत मजल मारली. पोरीनं मान डोलावली, लाल ठिपक्याच्या यंत्रानं दुपारपर्यंत घर मोजलं, भाताची कोठी मोजली आणि गोठ्यात शिरली. ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

"पोरीला म्हशी आवडल्या वाटतं," बीबीजान नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्यापरीस."

जैनुद्दीन फुरंगटून गोठ्याच्या दाराशी गेले. "अगं, घर तिकडं हाय!"

"काका, गोठा आधीचा आहे," अपेक्षा म्हणाली. "तुमच्या घराची भिंत याला टेकवून नंतर बांधलीय. आणि हे बघा, दिव्याचा कोनाडा. इथं चूल होती, अजून काजळी आहे. तुमचे पूर्वज आधी इथंच राहायचे."

जैनुद्दीन बघतच राहिले. मागून बीबीजानचं हसू फुटलं. "म्हंजे लग्नात तुमी मला मोठ्या घरात आणलं म्हणत हुता, ते बी धाकटंच निघालं!"

जैनुद्दीननी गव्हाण ओलांडली आणि कोनाड्यावरून हात फिरवला. बोटं काळी झाली. कुण्या पणजीनं हितं भाकरी थापली असंल, पोरं निजवली असतील. तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

"नकाशावर काय लिहू? गोठा?" अपेक्षानं विचारलं.

"मूळ घर लिही," ते हळूच म्हणाले.

"आन् म्हशी?" बीबीजाननी विचारलं.

"ऱ्हातील की. आमी काय कुणाला घराभाईर काढत न्हाई."

मग त्यांनी पालथ्या घमेल्यावर बैठक मारली आणि चहा तिथंच मागवला. बीबीजाननी तो आणलाही, पण ओट्यावरूनच हाक दिली, "अवो, जुन्या घरातले! या घिऊन. मला शेणातनं चालवत न्हाई."